प्रॅक्टिकल कठीणच असू द्या, पण दार उघडा

"सायन्स आपल्या पोरांना झेपत नाही, त्यात बायोलॉजीचं प्रॅक्टिकल तर नाहीच." हे वाक्य मी यवतमाळ जिल्ह्यात गेली २५ वर्षे ऐकतो आहे. सुरुवातीला ते प्रस्थापितांच्या तोंडून ऐकले. आता आपल्याच वस्तीतली माणसे ते बोलू लागली आहेत, आणि याचे दुःख जास्त आहे. मागच्या वर्षी झरी जामणीकडच्या एका शेतमजूर बापाने मुलीला बी.एस्सी.तून काढून बी.ए.ला घातले. कारण विचारले तर म्हणाला, "भाऊ, प्रॅक्टिकल लय कठीण हाय म्हणते. तिले नाही जमत." मुलगी बाजूलाच उभी होती. तिला विचारले तेव्हा ती एवढेच म्हणाली, "काका, जमत होतं. परत यायला बस नव्हती."

बापाला सांगितले गेले ते कारण आणि मुलीने सांगितलेले कारण यांत जे अंतर आहे, त्याबद्दल हा लेख आहे.

ज्यांनी बायोलॉजीचे प्रॅक्टिकल केलेले नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. थिअरी नोट्स आणून घरी वाचता येते. प्रॅक्टिकल घरी होत नाही. कांद्याच्या मुळाचे टोक कापायचे, ते ॲसिटोकार्मिनमध्ये रंगवायचे, स्पिरिट लॅम्पवर काच किंचित गरम करायची, वरून कव्हरस्लिप ठेवून अंगठ्याने दाबायची आणि मग सूक्ष्मदर्शकाखाली पेशीविभाजनाची अवस्था शोधायची. एक अवस्था सापडायला कधी तास जातो. बॅच दुपारची असते. चार-पाच पोरांत एक सूक्ष्मदर्शक असेल तर शेवटच्याचा नंबर लागेपर्यंत गावाकडची शेवटची एसटी निघून गेलेली असते. मग पोरगी स्लाइड न पाहताच निघते आणि शेजारणीच्या जर्नलमधून आकृती उतरवते. चार प्रॅक्टिकल बुडाली की जर्नल अपुरे. जर्नल अपुरे की सही नाही. सही नाही की परीक्षेला बसणे अवघड. आणि गावात निरोप पोहोचतो : "तिले नाही जमत."

माझे स्वतःचे सांगतो. नव्वदच्या दशकात याच जिल्ह्यातल्या एका कॉलेजात मी बी.एस्सी.ला होतो. डिसेक्शन बॉक्स, ॲप्रन, स्लाइड बॉक्स, जर्नल यांचा खर्च आईच्या कापूस वेचणीच्या मजुरीतून झाला होता, कारण शिष्यवृत्ती वर्ष संपत आले तरी हातात पडली नव्हती. पहिल्यांदा सूक्ष्मदर्शकात डोकावलो तेव्हा मला माझ्याच पापण्या दिसल्या. सर सगळ्यांसमोर म्हणाले, "याआधी कधी पाहिला नाही का?" वर्ग हसला. नव्हता पाहिला, सर. आमच्या गावच्या शाळेत तो कपाटात होता आणि कपाटाला कुलूप होते.

मला शिकवले ते प्रयोगशाळेच्या परिचराने. आपल्याच समाजाचा माणूस. शिक्षण सातवी. सगळे गेल्यावर काचा धुता धुता तो म्हणाला, "जोरानं नको दाबू बाप्पा. अंगठा सरळ ठेव, काच सरकू देऊ नको." दुसऱ्या खेपेला मला गुणसूत्रे दिसली. पेशीच्या दोन टोकांकडे ओढली जाणारी, गुलाबी, दोऱ्यासारखी. तो क्षण मी आजही विसरलेलो नाही. त्या प्रयोगशाळेत ज्याचा हात सर्वात तयार होता, त्याला गुण देण्याचा अधिकार नव्हता, आणि त्याच्या ज्ञानाला ज्ञान म्हणण्याची तिथे पद्धत नव्हती.

म्हणून आपल्यातल्याच काही कार्यकर्त्यांना मला आधी उत्तर द्यायचे आहे. ते म्हणतात, प्रॅक्टिकल सोपे करा, गुण सढळ हाताने द्या, आपली पोरे पास होऊ द्या. मित्रांनो, ही मागणी आपल्या मुळावर येणारी आहे. बाबासाहेबांना शाळेत गोणपाटावर वेगळे बसवले, तरी त्यांनी सोपा अभ्यासक्रम मागितला नाही. संस्कृत नाकारले तेव्हा ते फारसी शिकले, आणि पुढे संस्कृतही स्वतःच्या बळावर मिळवले. १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ आणि १९५० साली औरंगाबादेत मिलिंद ही महाविद्यालये पीपल्स एज्युकेशन सोसायटीने उभी केली, ती फुकट पदव्या वाटण्यासाठी नव्हे. सूक्ष्मदर्शकात डोळा घालून तासभर शोधण्याचे कष्ट आपल्या पोरांनाही मिळाले पाहिजेत. तो त्यांचा हक्क आहे.

आता दुसऱ्या बाजूला उत्तर. "मेरिट" म्हणणाऱ्यांना.

तुमचे मेरिट मोजता कसे ते पाहू. लेखी पेपर तपासणाऱ्याला उत्तरपत्रिकेवर नाव दिसत नाही. प्रॅक्टिकलच्या तोंडी परीक्षेत चेहरा दिसतो, कपडे दिसतात, बोली ऐकू येते. पहिला प्रश्न पुष्कळदा विषयाचा नसतोच : "आडनाव काय? गाव कोणतं? वडील काय करतात?" मला हे तिन्ही विचारले होते. त्यानंतर इंग्रजीत एक प्रश्न. उत्तर येत होते, पण ते वऱ्हाडीत येत होते. मी थांबलो आणि त्यांनी कागदावर काहीतरी लिहिले. काय लिहिले ते मला आजतागायत कळलेले नाही, कारण तोंडी परीक्षेची उत्तरपत्रिका नसते आणि फेरतपासणीही नसते.

हा माझ्या एकट्याचा कांगावा नाही. दिल्लीच्या एम्समध्ये दलित-आदिवासी विद्यार्थ्यांशी होणाऱ्या भेदभावाच्या चौकशीसाठी २००६ साली समिती नेमली गेली. तिचे अध्यक्ष आपल्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यातले, मिलिंद महाविद्यालयात शिकलेले डॉ. सुखदेव थोरात. २००७ च्या अहवालात त्या विद्यार्थ्यांनी सांगितलेले गाऱ्हाणे हेच आहे : प्रॅक्टिकल आणि तोंडी परीक्षेत जात विचारली जाते आणि मूल्यमापन न्याय्य होत नाही. देशातल्या सर्वात नामांकित वैद्यकीय संस्थेतली ही स्थिती, मग तालुक्याच्या कॉलेजाचे काय सांगावे? २०१२ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने समतेची नियमावली काढली. प्रत्येक संस्थेत समान संधी केंद्र आणि भेदभावविरोधी अधिकारी असावा असे तीत म्हटले. वाचकहो, तुमच्या कॉलेजातल्या त्या अधिकाऱ्याचे नाव तुम्हाला माहीत आहे का? त्यानंतर सात वर्षांनी, मे २०१९ मध्ये, मुंबईत पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षण घेणारी तडवी भिल्ल समाजाची डॉ. पायल तडवी आपल्यातून गेली. तिच्या वरिष्ठ सहकाऱ्यांवर जातीय छळाचा गुन्हा दाखल झाला आणि प्रकरण न्यायालयात गेले. नियम कागदावर होता आणि तिचा जीव वाचला नाही.

या मेरिटचा इतिहासही ऐकून घ्या. १८३६ साली कलकत्ता मेडिकल कॉलेजात पंडित मधुसूदन गुप्तांनी मानवी शवाचे विच्छेदन केले. त्या घटनेच्या सन्मानार्थ किल्ल्यावरून तोफा झाडल्या, असे सांगितले जाते. मेलेल्या देहाला उच्चवर्णीय हात लागला म्हणजे तोफा! आणि इथे गावोगाव मेलेले जनावर ओढणे आणि सोलणे पिढ्यानपिढ्या आमच्या पूर्वजांच्या माथी मारले होते. कातडी कुठून सुटते, स्नायू हाडाला कुठे चिकटतो, आतडे न फोडता पोट कसे उघडायचे, हे सारे त्या हातांना ठाऊक होते. त्याचे मोल काय मिळाले? विटाळ. १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी मृत मांस सोडा असे सांगितले, कारण ते काम आणि ते अन्न माणसाला गुलाम ठेवत होते. त्यांचे ऐकून आम्ही ते सोडले आणि शाळेत आलो. आता शाळेत आल्यावर आम्हाला ऐकवता की यांच्या हाताला सुरी धरता येत नाही?

खरा प्रश्न पुढेच आहे. ही प्रयोगशाळा नेमकी कोणासाठी आहे?

आनुवंशिकीच्या तासाला सिकलसेल शिकवतात. पुस्तकात आफ्रिकेचा नकाशा असतो. विदर्भातल्या गोंड, परधान आणि आपल्या बौद्ध वस्त्यांत हा आजार घराघरांत आहे. शिकवणारे आफ्रिका म्हणतात तेव्हा मागच्या बाकावर एखादी पोर बसलेली असते, जिचा भाऊ सांधेदुखीने रात्रभर तळमळतो. या आजाराचा संबंध मलेरियाशी आहे. त्यात कुणाच्या रक्ताचा उच्च-नीचपणा नाही. पण जातीतल्या जातीत लग्ने लावण्याची पद्धत असे जनुक त्याच गटात फिरते ठेवते. आई-वडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गर्भधारणेत मूल आजारी असण्याची शक्यता चारात एक. सजातीय विवाह हाच जातीचा प्राण आहे, हे बाबासाहेबांनी १९१६ साली कोलंबिया विद्यापीठातल्या निबंधात मांडले होते. तो निबंध आणि सिकलसेलची स्लाइड एकाच टेबलावर ठेवून शिकवणारा प्राध्यापक मला या जिल्ह्यात हवा आहे. सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान २०२३ साली सुरू झाले. त्याला लागणारे तंत्रज्ञ आपल्याच वस्त्यांतून का येऊ नयेत?

दुसरे उदाहरण सगळ्यांच्या जखमेवरचे आहे. २०१७ च्या हंगामात या जिल्ह्यात कपाशीवर कीटकनाशक फवारताना विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी-शेतमजूर मेले. शेकडो जण रुग्णालयात गेले. फवाऱ्याचा पंप पाठीवर घेणारे बहुतेक हात भूमिहीनांचे असतात. ऑर्गॅनोफॉस्फेट गटातले विष शरीरातले ॲसिटिलकोलिनेस्टरेज हे विकर बंद पाडते. मग घाम, लाळ, उलट्या, बाहुल्या आकसणे आणि शेवटी श्वास थांबणे. विकरांचे प्रयोग आपली पोरे जर्नलमध्ये उतरवतात. ते विकर बापाच्या अंगात कसे बंद पडते हे त्यांना कोणी सांगत नाही. सांगितले असते तर पंपावरचे लेबल वाचणारे एक माणूस प्रत्येक घरात असते.

म्हणून मागण्या स्पष्ट मांडतो.

१. प्रॅक्टिकलची वेळ एसटीच्या वेळापत्रकाशी जुळवा, किंवा मुलींना वसतिगृह द्या.
२. आठवड्यातून दोन दिवस प्रयोगशाळा जादा वेळ उघडी ठेवा. हुकलेले प्रॅक्टिकल तिथे करता आले पाहिजे.
३. डिसेक्शन बॉक्स, ॲप्रन, जर्नल कॉलेजने द्यावे. शिष्यवृत्तीच्या भरवशावर पोर ठेवू नका.
४. तोंडी परीक्षेत आडनाव, गाव, वडिलांचा धंदा विचारायचा नाही. प्रश्न आणि गुण लेखी नोंदवा, मराठीत उत्तर देण्याची मुभा द्या आणि फेरतपासणीची सोय करा.
५. सिकलसेल आणि फवारणीची विषबाधा हे विषय तयार स्लाइड आणि खऱ्या माहितीनिशी शिकवा. कुणा विद्यार्थ्याचे रक्त जबरदस्तीने तपासू नका आणि कुणाचा निकाल वर्गात वाचू नका.

यातली एकही मागणी अभ्यासक्रम सोपा करत नाही. कोट्यवधींचा निधीही लागत नाही. लागते ती नियत.

आणि पालकांनो, पुढच्या वेळी कोणी "तुमच्या पोरीला जमत नाही" म्हणाले तर मान खाली घालून परत येऊ नका. विचारा : सूक्ष्मदर्शक किती? पोरे किती? प्रॅक्टिकल किती वाजता सुटते? उत्तर मिळेपर्यंत तिथेच बसा. झरी जामणीची ती पोरगी आज बी.ए.च्या पहिल्या वर्षाला आहे. तिने मला विचारले, "काका, परत सायन्सला जाता येते का?" आम्ही तिचा अर्ज भरतो आहोत. बसचे निवेदन आगारप्रमुखांकडे या सोमवारी देणार आहोत. ज्यांना यायचे असेल त्यांनी सकाळी १० वाजता यवतमाळ बसस्थानकावर यावे.

जय भीम!