फुफ्फुसाचा कॅन्सर: स्कॅन बघून रेडिएशनचा निकाल आधी सांगता येतो का?

‘एआय फक्त स्कॅन बघून सांगणार, रुग्ण बरा होईल की नाही’ अशा बातम्या दर काही महिन्यांनी व्हॉट्सॲपवर फिरत असतात. घरात कुणाला फुफ्फुसाचा कॅन्सर असेल तर अशी बातमी वाचून आशाही वाटते आणि धडकीही भरते. म्हणून हे तंत्रज्ञान नेमकं काय करतं, कुठे अडतं आणि आज आपल्या किती उपयोगाचं आहे, ते इथे सोप्या भाषेत मांडतो.

स्कॅन म्हणजे आकड्यांचा तक्ता

आपल्याला सीटी स्कॅन काळं-पांढरं चित्र दिसतं. कॉम्प्युटरला त्यात फक्त आकडे दिसतात. चित्रातल्या प्रत्येक छोट्या ठोकळ्याला, म्हणजे व्हॉक्सेलला, घनतेचा एक आकडा असतो: पाणी ०, हवा उणे १०००. पेट स्कॅनमध्ये किंचित किरणोत्सारी ग्लुकोज शिरेतून देतात. ज्या पेशी साखर जास्त ओढतात, त्या उजळ दिसतात.

या आकड्यांवरून ट्यूमरचा आकार, घनता, पोत, कडांचा खडबडीतपणा अशी शेकडो मापं काढायची आणि उपचारानंतर रुग्णाचं काय झालं याच्याशी त्यांचा संबंध जोडायचा. याला ‘रेडिओमिक्स’ म्हणतात.

२०१४ चा गाजलेला अभ्यास

नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्टच्या रुग्णांवर आधारलेला ह्यूगो आर्ट्स आणि सहकाऱ्यांचा अभ्यास २०१४ मध्ये ‘नेचर कम्युनिकेशन्स’मध्ये आला. फुफ्फुस आणि डोकं-मान यांच्या कॅन्सरचे एकूण १,०१९ रुग्ण, सीटीमधून काढलेली ४४० मापं, आणि त्यातून निवडलेल्या फक्त ४ मापांचं एक सूत्र. फुफ्फुसाच्या दुसऱ्या एका रुग्णगटावर तपासल्यावर या सूत्राला ०.६५ गुण मिळाले.

म्हणजे काय? रुग्णांच्या १०० जोड्या घेतल्या, तर कोण जास्त जगेल हे साधारण ६५ जोड्यांत बरोबर आलं. नाणं उडवलं असतं तरी ५० आलं असतं. संशोधनाच्या दृष्टीने हा फरक मोठा आहे. पण एका माणसाचं भविष्य सांगण्यासाठी? माझ्या मते अजिबात पुरेसा नाही.

मग कुणीतरी पत्ते पिसले

२०१९ मध्ये मॅटेया वेल्च आणि सहकाऱ्यांनी हेच सूत्र एका वेगळ्याच परीक्षेला बसवलं. ट्यूमरच्या आतले व्हॉक्सेलचे आकडे त्यांनी पत्त्यांसारखे पिसून टाकले. आता पोत वगैरे काही शिल्लकच राहिला नव्हता. तरीही सूत्राची कामगिरी जवळपास तेवढीच राहिली!

कारण साधं होतं. ती मापं बऱ्याच अंशी ट्यूमर किती मोठा आहे, एवढंच वेगळ्या शब्दांत सांगत होती. आणि मोठा ट्यूमर जास्त धोक्याचा, हे डॉक्टरांना आधीपासून माहीत आहे. तेव्हा एआयची अशी कुठलीही बातमी वाचली की मी पहिला प्रश्न हाच विचारतो: नुसत्या आकारापेक्षा यात जास्त काय कळलं?

सूत्र जाहीर केलेलं होतं म्हणूनच इतरांना ते तपासता आलं, हेही लक्षात घ्या. बंद डब्यातल्या सॉफ्टवेअरची अशी तपासणी कशी करणार?

अंदाज बरोबर आला तरी पुढे काय?

समजा, स्कॅनवरून कळलं की हा ट्यूमर चिवट आहे. मग रेडिएशनचा डोस वाढवायचा का? इतकं सोपं नाही. अमेरिकेत झालेल्या ‘आरटीओजी ०६१७’ या चाचणीत तिसऱ्या टप्प्यातल्या रुग्णांना केमोथेरपीसोबत ६० किंवा ७४ ग्रे डोस दिला गेला. २०१५ मध्ये निकाल आला: ६० ग्रेच्या गटात मध्यम आयुर्मान २८.७ महिने, तर ७४ ग्रेच्या गटात २०.३ महिने. जास्त डोसने फायदा तर झाला नाहीच, उलट आयुष्य कमी झालं. हृदयाला आणि निरोगी फुफ्फुसाला बसणारी किरणं हाही हिशेब असतो.

म्हणून अंदाज उपयोगी ठरायचा असेल, तर त्यावरून बदललेल्या उपचाराने रुग्णाला फायदा झाला हे वेगळ्या चाचणीत सिद्ध व्हायला हवं.

आज स्कॅनचा खरा उपयोग कुठे?

किरणं नेमकी कुठे मारायची हे ठरवण्यात पेट-सीटीची मोठी मदत होते. प्लॅनिंग सीटीवर निरोगी फुफ्फुसाला किती डोस जाईल हे आधीच मोजतात. २० ग्रे किंवा त्याहून जास्त डोस मिळणारा भाग साधारण ३५ टक्क्यांच्या आत ठेवायचा प्रयत्न असतो, कारण तो वाढला की रेडिएशनमुळे फुफ्फुसाला सूज येण्याचा धोका वाढतो. हाही अंदाजच आहे, पण रोजच्या वापरातला आणि त्यावर लगेच काही करता येण्याजोगा.

आपल्याकडची अडचण

टीबीच्या गाठीसुद्धा पेट स्कॅनमध्ये उजळतात. युरोपातल्या रुग्णांवर शिकलेलं मॉडेल भारतातल्या फुफ्फुसांसमोर गोंधळू शकतं. शिवाय मशीन बदललं, स्लाइसची जाडी बदलली की मापं बदलतात. मापं सगळीकडे सारखी निघावीत म्हणून २०२० मध्ये एका आंतरराष्ट्रीय गटाने १६९ मापांच्या व्याख्या पक्क्या केल्या. पण आपल्या रुग्णांवर तपासणी आपल्यालाच करावी लागेल.

तेव्हा कुणी ‘एआय रिपोर्ट’ पुढे केला, तर तीन प्रश्न जरूर विचारा. हे मॉडेल भारतीय रुग्णांवर तपासलंय का? ट्यूमरचा आकार आणि स्टेज यापेक्षा ते जास्त काय सांगतं? आणि या रिपोर्टमुळे आमचा उपचार नेमका काय बदलणार आहे? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘काही नाही’ असेल, तर त्या रिपोर्टवर पैसे घालवू नका. आणि त्यातला आकडा वाचून धीर तर मुळीच सोडू नका.