खिडक्या उघडा, हे पहिल्याच आठवड्यात सांगा

प्रति,
मा. संचालक,
राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था, पुणे



तुम्ही बोरघाटाच्या वर, आम्ही कर्जत-खालापूरकर घाटाखाली. आधी तुमचे मनापासून आभार मानतो. मार्च 2020 मध्ये तुमच्या शास्त्रज्ञांनी रुग्णांच्या नमुन्यांतून करोनाचा विषाणू वेगळा केला. तोच विषाणू निष्प्रभ करून भारत बायोटेकने कोव्हॅक्सिन ही लस बनवली. ती माकडांवर तपासायची, तर टाळेबंदीत माकडं मिळेनात. शेवटी वन विभागाच्या मदतीने माकडं नागपूरजवळ पकडावी लागली. 3 जानेवारी 2021 ला कोव्हॅक्सिन आणि पुण्याच्याच सीरमची कोविशील्ड, दोन्हींना आपत्कालीन मंजुरी मिळाली. इतक्या लवकर लस येईल, असं आम्हाला वाटलं नव्हतं.

पण लशीच्या कितीतरी आधी एक साधी गोष्ट आमच्यापर्यंत पोचायला हवी होती, ती पोचली नाही: हा आजार हवेतून पसरतो.

आम्ही भाज्या धुतल्या, कड्या-कोयंडे पुसले, वेशीवर बांबू आडवे टाकले. आणि दारं-खिडक्या लावून घरात बसलो. खोकल्याचे मोठे थेंब थोड्याच अंतरावर खाली पडतात. पण बोलताना, गाताना, नुसता श्वास सोडताना जे बारीक कण बाहेर पडतात, ते बंद खोलीत चुलीच्या धुरासारखे कोंडून राहतात. 10 मार्च 2020 ला अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या एका गायकवृंदाने अडीच तास सराव केला. हजर असलेल्या 61 जणांपैकी 53 जण आजारी पडले, दोघे दगावले. आपल्याकडच्या भजनी मंडळाला हे उदाहरण वेगळं समजावून सांगावं लागलं नसतं. तरीही त्याच महिन्यात जागतिक आरोग्य संघटना 'हा आजार हवेतून पसरत नाही' असं ठासून सांगत होती. आपल्या केंद्र सरकारच्या प्रमुख वैज्ञानिक सल्लागारांच्या कार्यालयाने हे कण दहा मीटरपर्यंत जाऊ शकतात, खिडक्या उघड्या ठेवा, असं स्पष्ट सांगितलं ते 20 मे 2021 ला. तोवर दुसऱ्या लाटेने घरंच्या घरं झोपवली होती.

उपचारांचंही तेच. बरे झालेल्यांच्या रक्तातला प्लाझ्मा देऊन मृत्यू टळत नाहीत, हे तुमच्याच भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने 39 रुग्णालयांतल्या 464 रुग्णांवर तपासून 2020 मध्येच दाखवलं होतं. उपचारांच्या यादीतून प्लाझ्मा निघाला मे 2021 मध्ये. मधल्या काळात नातेवाईक व्हॉट्सअ‍ॅपवर दाते शोधत रात्री जागवत होते. उलट डेक्सामेथासोनसारखं काही रुपयांचं जुनं औषध ऑक्सिजनवरच्या रुग्णांचा जीव वाचवतं, हे ब्रिटनमधल्या चाचणीने जून 2020 मध्येच दाखवलं होतं. किती घरांना ते नाव माहीत होतं?

15 ऑगस्ट 2021 पासून दोन डोस घेतलेल्यांना मुंबईची लोकल खुली झाली. लशीने मरणाचा धोका कमी होतो, पण लागण पूर्ण थांबत नाही. कर्जतहून सीएसएमटीला दोन तासांहून अधिक लागतात. पावसात डब्यातल्या सगळ्या खिडक्या खाली ओढलेल्या असतात आणि माणसाला माणूस चिकटलेला. घरीही तेच: एका खोलीच्या घरकुलात 'वेगळं राहा' हा सल्ला पाळता येत नाही. 'खिडकी उघडा, रुग्णाला ओटीवर झोपवा' हा पाळता येतो. कातकरी वाडीतल्या कुडाच्या भिंतींतून वारा आरपार जातो, हे तिथल्या लोकांना आपलं बळ म्हणून सांगायला हवं होतं.

विज्ञान चुकत चुकतच पुढे जातं, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती सांगण्याच्या उशिराची. म्हणून एक मागणी. पुढचा विषाणू येईल तेव्हा दर आठवड्याला एक पानभर मराठीत लिहा: काय कळलं, काय अजून कळलेलं नाही, मागच्या आठवड्यातलं काय चुकीचं ठरलं. ते पान प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्राच्या फळ्यावर लागू दे, आशाताईंच्या हातात पडू दे, आश्रमशाळेत मोठ्याने वाचलं जाऊ दे.

लशीला महिने लागतील, आम्ही थांबू. पण खिडकी उघडायला लस लागत नाही. ती उघडा, हे मात्र पहिल्याच आठवड्यात सांगा.

आपला नम्र,
कर्जत तालुक्यातील एक निवृत्त शिक्षक