असिद्ध आणि असत्य

पुरुषहक्क चळवळीच्या चर्चाविश्वात ‘खोटी तक्रार’ ही संज्ञा केंद्रस्थानी आहे. वॉरन फॅरेल यांच्या ‘द मिथ ऑफ मेल पॉवर’ (१९९३) या ग्रंथाने पुरुषाच्या सत्तेला मिथक ठरवले. भारतात दंडसंहितेच्या ४९८-अ कलमाच्या विरोधातून वाढलेल्या संघटनांनी आपला संशय पुढे बलात्काराच्या तक्रारींपर्यंत नेला. खोट्या आळाने माणसाचे आयुष्य उद्ध्वस्त होते, हे त्यांचे म्हणणे खरे आहे. आरोपीच्या निर्दोषत्वाचे गृहीतक हे तर न्यायाचे अधिष्ठानच होय. परंतु आरोपी सुटला याचा अर्थ आरोप वाजवी संशयापलीकडे सिद्ध झाला नाही, एवढाच. या चर्चाविश्वात ‘असिद्ध’चे वाचन सर्रास ‘असत्य’ असे केले जाते. हा निव्वळ तर्कदोष नव्हे. ही एक वाचनपद्धती आहे आणि तिला इतिहास आहे.

बलात्काराचा आरोप करणे सोपे असते, हा इशारा सतराव्या शतकातील इंग्रज न्यायाधीश मॅथ्यू हेल यांचा. १७३६ मध्ये मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ज्या ग्रंथात तो आहे, त्याच ग्रंथात पती पत्नीवरील बलात्काराचा अपराधी ठरू शकत नाही, असेही प्रतिपादन आहे. संशय आणि सवलत या एकाच संहितेच्या दोन बाजू आहेत. वैवाहिक बलात्काराच्या अपवादाविषयी दिल्ली उच्च न्यायालयात सुनावणी झाली, तेव्हा पुरुषहक्कवादी पक्ष त्या सवलतीच्या बाजूने उभा राहिला. २०२२ मध्ये खंडपीठाचा निकाल दुभंगला. हा योगायोग मानता येत नाही.

वेन बूथ यांनी १९६१ मध्ये ‘अविश्वसनीय निवेदक’ ही संकल्पना मांडली. निवेदकाची अविश्वसनीयता संहितेच्या वाचनातून प्रत्ययास यावी लागते. तक्रारदार स्त्रीला मात्र ती वाचनापूर्वीच चिकटवली जाते. मथुरा खटल्यात १९७२ मध्ये देसाईगंजच्या पोलीस ठाण्यातील अत्याचाराची तक्रार एका आदिवासी मुलीने केली होती. नागपूर खंडपीठाने दोषी ठरवलेल्या पोलिसांना सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये मुक्त केले. अंगावर जखमा नाहीत म्हणून प्रतिकार नाही, प्रतिकार नाही म्हणून संमती, अशी ती अनुमानसाखळी होती. उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार यांनी १९७९ मध्ये सरन्यायाधीशांना लिहिलेल्या खुल्या पत्रात शरणागती आणि संमती यांतील भेद दाखवून दिला. त्यातून उभ्या राहिलेल्या आंदोलनानंतर १९८३ मध्ये कायदा बदलला. त्या पत्राची मागणी डोळे मिटून विश्वास ठेवण्याची नव्हती, नीट वाचण्याची होती.

पुरुषांची वेदना हा या चळवळीचा खरा विषय असेल, तर तिची कसोटी अन्यत्र आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत जुन्या ३७७ कलमाला समांतर तरतूद नाही. प्रौढ पुरुषावरील बलात्कारासाठी स्वतंत्र कलम उरलेले नाही. उद्या ते आले, तरी असा पुरुष न्यायालयात तक्रारदार म्हणूनच उभा राहील. त्याच्याही अंगावर जखमा नसतील, त्यालाही उशीर झालेला असेल, त्यालाही साक्षीदार नसेल. तक्रारदाराकडे संशयाने पाहण्याची जी सवय ही चळवळ समाजाला लावीत आहे, तिचा बळी तोही ठरेल.