विश्लेषण : क्रूझ ज्वालामुखी बेटावर थांबणार... किनाऱ्यावरची सहल निवडताना काय पाहावे?

वऱ्हाडची काळी माती ज्या बेसाल्ट खडकापासून झाली, तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थंड झालेला लाव्हा आहे. अकोला, अमरावतीच्या पर्यटकाला घरी दिसतो तो इतका थंड ज्वालामुखी. परदेशी क्रूझच्या सहलींच्या यादीत मात्र जागृत ज्वालामुखीही असतो आणि तिथे उतरायचे की नाही, हे पर्यटकालाच ठरवावे लागते.

शोअर एक्सकर्शन म्हणजे काय?

जहाज बंदरावर काही तास थांबते. त्या वेळेत किनाऱ्यावर केलेली सहल म्हणजे शोअर एक्सकर्शन. ती सहसा मूळ पॅकेजमध्ये नसते. क्रूझ कंपनीकडून, स्थानिक चालकाकडून किंवा स्वतःच्या हिमतीवर, असे तीन मार्ग असतात.

जहाजाची सहल घेण्याचा फायदा काय?

ती सहसा महाग असते, पण परतायला उशीर झाला तर जहाज थांबते किंवा कंपनी प्रवाशांना पुढच्या बंदरावर पोहोचवते. स्वतंत्र सहलीत जहाज चुकले, तर खर्च आपला. पुढचे बंदर दुसऱ्या देशात असेल, तर व्हिसाचा प्रश्नही येतो. भारतीय पासपोर्ट असलेल्यांसाठी ही अडचण मोठी आहे. मात्र ही हमी वेळेची आहे, सुरक्षिततेची नव्हे.

व्हाइट आयलंडवर काय घडले?

न्यूझीलंडमधील व्हाकारी ऊर्फ व्हाइट आयलंडवर ९ डिसेंबर २०१९ रोजी दुपारी २.११ वाजता उद्रेक झाला. बेटावर ४७ जण होते. त्यातील ३८ जण ‘ओव्हेशन ऑफ द सीज’ या जहाजावरून आले होते. एकूण २२ जणांचा मृत्यू झाला. सहल क्रूझमार्फत विकली गेली होती, पण बेटावर नेणारी कंपनी स्थानिक होती.

धोक्याचा इशारा नव्हता का?

होता. १८ नोव्हेंबरलाच इशारा १ वरून २ वर नेण्यात आला होता. तिथली मोजपट्टी ० ते ५ अशी आहे आणि ३ पासून पुढे प्रत्यक्ष उद्रेक धरला जातो. म्हणजे २ ही उद्रेकाआधीची सर्वांत वरची पातळी. ‘पाचपैकी दोनच’ असे वाचणारा इथेच फसतो. शिवाय वाफेच्या दाबाने होणारा स्फोट पूर्वसूचना न देताही होऊ शकतो.

सँटोरिनीत वेगळे काय?

ग्रीसच्या या बेटावर जहाज ज्वालामुखीच्या बुडालेल्या विवरातच थांबते. प्रवासी लहान बोटीने जुन्या बंदरावर उतरतात. वर फिरा गावात जायला केबल कार, खेचर किंवा ५८८ पायऱ्या. गर्दीत केबल कारची रांग लांबते. ज्येष्ठांना घेऊन जाणाऱ्यांनी परतीचा वेळ आधी मोजावा. नेआ कामेनी या विवराच्या बेटावर सावली नाही आणि वाट खडी, मुरमाड आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये भूकंपांच्या मालिकेमुळे हजारो लोकांनी सँटोरिनी सोडले होते.

भारतात असे बेट आहे का?

अंदमानातील बॅरन आयलंड हा देशातील एकमेव जागृत ज्वालामुखी. १९९१ पासून तो पुन्हा सक्रिय आहे. पर्यटकांना तो बोटीतूनच पाहावा लागतो. मुंबईहून लक्षद्वीपला जाणाऱ्या क्रूझवर हा प्रश्न येत नाही. ती बेटे प्रवाळाची आहेत.

बुकिंगआधी काय विचारावे?

* सहल प्रत्यक्षात कोण चालवते? 
* त्या देशाच्या भूगर्भ संस्थेची आजची इशारा पातळी काय आणि तिचा अर्थ काय? 
* पातळी वाढली तर पैसे परत मिळतात का? 
* प्रवास विम्यात ज्वालामुखी आणि हवाई रुग्णवाहिका येते का? 
* परतीची वेळ जहाजाच्या घड्याळाची की स्थानिक?

गावातल्या एजंटाने संपूर्ण ग्रुपचे बुकिंग एकत्र केले असले, तरी ही उत्तरे लेखी मागावीत. उत्तर मिळाले नाही, तर बेट डेकवरून पाहण्यातही कमीपणा नाही. पैसे भरले म्हणून उतरलेच पाहिजे, असे नसते.