शिट्ट्या मोजू नका, घड्याळ बघा

रविवारी अकराच्या सुमारास अमळनेरच्या कुठल्याही गल्लीतून चाला, चार घरांतून तरी कुकरच्या शिट्ट्या ऐकू येतात. "सात झाल्या, अजून दोन होऊ दे," असा आवाजही मागोमाग येतो. बहिणींनो, आणि हल्ली हौसेनं मटण करणाऱ्या भावांनो, ही मोजदाद सोडा, एवढीच विनंती करायची आहे.

शिट्टी म्हणजे कुकरला नको असलेली जादा वाफ. आच मोठी असली की बघता बघता सात शिट्ट्या होतात, बारीक असली की बऱ्याच वेळानं एखादी. मग सात शिट्ट्यांचं मटण दोन्ही वेळी सारखं कसं शिजेल? पहिली शिट्टी झाली म्हणजे आत पूर्ण दाब आला. तेव्हा आतलं तापमान 100 अंशांच्या वर, साधारण 120 अंशांपर्यंत पोचलेलं असतं. पुढे आच वाढवून ते फारसं वाढत नाही, नुसता गॅस जळतो. म्हणून पहिल्या शिट्टीला गॅस बारीक करा आणि तिथून मिनिटं मोजा. कोवळ्या बोकडाला 15 ते 20 मिनिटं पुरतात, जून असेल तर 30 धरा.

मटण चिवट लागतं ते त्यातल्या पांढऱ्या पडद्यांमुळे. मांस शिजायला वेळ लागत नाही, पडदे विरघळायला लागतो. ते विरघळले की रश्शाला तो ओठांना चिकटणारा दाटपणा येतो. त्यामुळे खाटकाकडून नुसते मऊ तुकडे मागू नका. खांदा, मान, नळ्या घ्या. कुकरचं खरं काम तिथेच आहे.

जपानी लोक डुकराच्या पोटाकडच्या चरबीदार मांसाचा 'काकुनी' करतात. नागासाकीकडचा हा प्रसिद्ध पदार्थ, मूळ चिनी. साध्या पातेल्यात तो दोन-तीन तास शिजत ठेवावा लागतो, म्हणून तिथल्या अनेक घरांत आता तो कुकरमध्ये लावतात. पण कुकरमध्ये काय घालतात ते बघा: मांस, पाणी, आलं आणि कांद्याची पात. बस्स. मांस मऊ झालं, वर आलेली चरबी काढली, की मग सोया सॉस, साखर आणि तांदळाची दारू घालून उघड्या भांड्यात मंद आचेवर मुरवतात. आपल्याकडे डुकराचं मांस खाणारी घरं थोडी आहेत. जे खातात त्यांनी ते कधीही अर्धकच्चं ठेवू नये, त्यातून पोटात पट्टकृमी जातात. बाकीच्यांनी या रीतीतला क्रम तेवढा उचलावा.

हा क्रम आपल्याला परका नाही. हळद, मीठ, आलं-लसूण लावून मटण आधी अळणी शिजवणारी घरं आजही आहेत. घाईत आपण ते सोडलं, आणि भाजलेलं खोबरं, कांदा, काळा मसाला सगळं एकदम कुकरमध्ये ओतू लागलो. हे दाट वाटण तळाला धरतं. त्याहून वाईट म्हणजे उसळून वाफेच्या नळीत जाऊन बसतं. नळी तुंबली की दाबाला वाट उरते फक्त सेफ्टी व्हॉल्व्हची. तेव्हा कुकरमध्ये अळणीच शिजवा. वाटण वेगळ्या पातेल्यात तेल सुटेपर्यंत परता, त्यात मटण आणि ते पाणी घाला आणि उघड्यावर दहा मिनिटं उकळू द्या. तर्री अशीच येते. मसाल्याचा वासही घरात राहतो, शिट्टीबरोबर उडून जात नाही.

डॉक्टरांनी चरबी कमी करायला सांगितली असेल तर अळणी पाणी थंड करा, वर गोठलेला थर चमच्यानं काढून टाका. गोठणारी चरबी अमळनेरकरांना काय सांगायची! वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स ही कंपनी 1945 साली याच गावात वनस्पती तुपासाठी निघाली, तीच पुढे विप्रो झाली.

गॅस बंद केल्यावर चमच्यानं शिट्टी उचलू नका, कुकर नळाखाली धरू नका. दाब एकदम पडला की आतलं पाणी उसळतं, मांसाच्या धाग्यांतला रसही निघून जातो, आणि हात भाजतो तो वेगळाच. दहा-पंधरा मिनिटं तसाच राहू द्या. झाकण सहज फिरलं तरच उघडा, जोर लावू नका. कुकर दोन तृतीयांशाहून जास्त भरू नका, डाळ-तांदूळ असतील तर निम्माच.

रबर कडक झालं, चिरलं, की लगेच बदला. सेफ्टी व्हॉल्व्ह रस्त्यावरचा कुठलाही बसवून घेऊ नका, ज्या कंपनीचा कुकर तिचाच घ्या. नवा कुकर घेताना आयएसआय खूण बघा, 2021 पासून ती कायद्यानं बंधनकारक आहे. लेकीच्या रुखवतात कुकर मांडणार असाल तर ही खूण आधी शोधा, चकाकी नंतर बघा.

आणि दर वेळी झाकण लावण्याआधी वाफेची नळी उजेडाकडे धरा. आरपार दिसलं नाही तर आधी ती साफ करा, मटण थांबेल.