पट्टी पळाली, फाइल कुठे पोचली?

उद्या व्हायवा. लॅबमधल्या उबंटूवरून प्रोजेक्टचा दीड जीबीचा फोल्डर पेनड्राइव्हवर टाकलाय. पट्टी सुसाट पळाली आणि ९९ टक्क्यांवर येऊन थांबली ती थांबलीच. लॅब बंद व्हायची वेळ झालीय. मग काय, पेनड्राइव्ह खेचता! घरी फाइल उघडत नाही आणि ग्रुपवर निकाल लागतो : लिनक्स फालतू आहे.

मला हा निकाल मान्य नाही. शीळफाट्याचंच बघा ना. कल्याण, मुंब्रा, महापे, पनवेल, चारी बाजूंच्या गाड्या तिथे येऊन मिळतात. बस स्टॉपवरून सुटली म्हणून तुम्ही घरी पोचलात असं कोणी धरत नाही. किती वेळ जाणार ते फाटा ठरवतो. लिनक्समधली कॉपी तशीच. फाइल आधी रॅममध्ये उतरते, तिथून जमेल तशी पेनड्राइव्हवर लिहिली जाते. पट्टी मोजते ती रॅममध्ये गेलेली फाइल. मूळ सेटिंगनुसार उपलब्ध रॅमच्या साधारण २० टक्क्यांपर्यंत डेटा असा ताटकळत राहू शकतो, त्यापुढे कॉपी करणाऱ्या प्रोग्रॅमलाच थांबवलं जातं. पेनड्राइव्ह सेकंदाला ५ एमबी लिहिणारा असेल, तर अडकलेला १ जीबी उतरायला साडेतीन मिनिटं लागणारच.

लिनक्सवाल्यांनीही फार कॉलर ताठ करू नये म्हणा. हे टक्क्यांचं गणित रॅम काही एमबींमध्ये मोजायचे तेव्हाचं. आजच्या मशीनना ते झेपत नाही, हे खुद्द लिनस टोरवाल्ड्सने २०१३ मध्ये मान्य केलं होतं. विंडोज १० ने १८०९ या आवृत्तीपासून पेनड्राइव्हसाठी असं साठवून ठेवणं बाय डीफॉल्ट बंद केलं, म्हणून आपल्याला खेचायची सवय. पण लॅबमध्ये कमांडची यादी पाठ करून घेतात आणि ‘इजेक्ट’ का दाबायचं ते सांगत नाहीत, हे काही पटत नाही.

तर ‘इजेक्ट’ दाबा आणि पेनड्राइव्ह काढायला हरकत नाही असा मेसेज येईपर्यंत हात खिशात ठेवा. किंवा टर्मिनलवर ‘सिंक’ कमांड द्या, प्रॉम्प्ट परत आला की डेटा उतरला. स्वतःच्या लॅपटॉपवर ‘डर्टी बाइट्स’ची मर्यादा टक्क्यांऐवजी थेट आकड्यात घालता येते, मग पट्टी बरीच खरं बोलते. आणि ४ जीबीहून मोठी एकच फाइल मध्येच अडली, तर दुखणं वेगळं : पेनड्राइव्ह फॅट३२ आहे. आतला डेटा काढून घ्या आणि एक्सफॅटमध्ये फॉरमॅट मारा.