देणगी कोणाची ?

घरांत एखादें मूल गोड गाऊं लागलें, कीं आपण सहज म्हणतों, “ही देवाची देणगी !” आणि दुसऱ्याच क्षणीं त्यास पाहुण्यांपुढें उभें करून ती देणगी स्वकष्टार्जित असल्याप्रमाणें मिरवितों. ही विसंगति कोणत्याही एका धर्माची नव्हे. ख्रिस्ती मंडळींत मात्र या प्रश्नाचा ऊहापोह फार जुना आहे, आणि त्याचें एक बोधप्रद उदाहरण आमच्या खानदेशांतच घडलेलें असल्यामुळें आज त्याविषयीं चार शब्द लिहीत आहों.

करिंथ येथील मंडळीस लिहिलेल्या पहिल्या पत्रांत पौलानें ‘कृपादानां’चा विचार केला आहे. कोणास ज्ञान, कोणास रोगनिवारणाची शक्ति, कोणास अपरिचित भाषा बोलण्याची, तर कोणास तिचा अर्थ लावण्याची. तेथील कांहीं जण आपापल्या दानाचा तोरा मिरवूं लागले होते. त्यांस त्यानें शरीराचा दृष्टान्त दिला: अवयव अनेक, परंतु एकावांचून दुसऱ्याचें चालत नाहीं. दान खरें कीं खोटें, याची कसोटी त्यानें चमत्कारांत न ठेवतां सर्वांच्या हितांत ठेविली, आणि प्रीतीस सर्वांहून वरचें स्थान दिलें.

मग उपजत गुण आणि कृपादान यांत भेद कोणता ? पहिला जन्माबरोबर येतो व आस्तिक-नास्तिक पहात नाहीं. दुसरें श्रद्धावंतास सेवेसाठीं मिळतें, असें शास्त्री सांगतात. भेद मान्य केला, तरी आयुष्यांत या दोहोंची गांठ कशी पडते, हें रेव्हरंड नारायण वामन टिळकांच्या चरित्रांत दिसतें. त्यांचा जन्म १८६१ चा, ब्राह्मण कुळांतला. बाप्तिस्मा १८९५ चा. कवित्व त्यांस बाप्तिस्म्यानें मिळालें नव्हतें. तें आधींचेंच होतें. परंतु भाषांतरित गीतांची व पाश्चात्य चालींची संवय झालेल्या मराठी ख्रिस्ती उपासनेंत त्यांनीं अभंग-ओवीचा सूर मुरविला, तेव्हां तोच उपजत गुण मंडळीचें दान झाला. त्यांचीं पदें तेथें आजही गाइलीं जातात.

१९०७ सालीं जळगांवीं कविसंमेलन भरलें. अध्यक्ष डॉक्टर कान्होबा रणछोडदास कीर्तिकर हे होते. धरणगांवचा सोळा-सतरा वर्षांचा त्र्यंबक बापूजी ठोमरे तेथें आपल्या कवितेनें ‘बालकवि’ ठरला. हें दान सर्वांस दिसलें. न दिसणारें दान निराळेंच होतें. टिळक पतिपत्नींनीं त्या मुलाचा गुण ओळखला, आणि पुढें नगरास त्यास आपल्या घरीं ठेवून घेतलें. शाळेचें शिक्षण फारसें न लाभलेल्या लक्ष्मीबाईंनीं त्याला पोटच्या मुलाप्रमाणें वागविलें. ख्रिस्त्याच्या घरीं राहिलेला हा मुलगा शेवटपर्यंत हिंदूच राहिला. मायेबद्दल त्याच्याकडून धर्माची किंमत घेतली गेली नाहीं. आम्हांस विचाराल, तर कवित्वाइतकेंच हेंही कृपादान होय. मात्र त्यास टाळ्या मिळत नाहींत.

असाच प्रकार १९३२ सालीं धुळ्याच्या तुरुंगांत झाला. विनोबांनीं बंदिजनांस गीतेवर प्रवचनें दिलीं. साने गुरुजींनीं तीं उतरून घेतलीं. एकास वाणी होती, दुसऱ्यास कान व लेखणी. दुसरा नसता, तर पहिल्याचे शब्द त्या भिंतींआडच विरले असते. दोघेही ख्रिस्ती नव्हते; पण पौलाचा दृष्टान्त त्यांसही लागू पडतो.

दान किती दिवसांचें, हें आपल्या हातीं नसतें. बालकवि ५ मे १९१८ रोजीं जळगांवजवळ भादली स्थानकावर रेल्वेच्या अपघातांत गेले. वय अवघें सत्तावीस. त्यानंतर एकच वर्षानें, १९१९ च्या मे महिन्यांत, टिळकही गेले. जळगांवीं त्या मुलाकडे कोणीं लक्ष दिलें नसतें, आणि “पुढें पाहूं” म्हटलें असतें, तर ?

म्हणून वाचकभगिनींस आमची एवढीच विनंती: मुलाचें गाणें ऐकून झालें, कीं त्यास विचारावें, “हें तूं कोणासाठीं गाइलास ?” आणि जें मूल गात नाहीं, परंतु आजारी आजीच्या उशाशीं न सांगतां पाण्याचा तांब्या भरून ठेवतें, त्याच्याकडेही पाहुण्यांसमोर एकदां बोट दाखवावें. ही देणगीही त्याच दात्याची आहे.